वाईन म्हणजे बेगमी: सव्वा गुंठा जमीन, दोन किलो ब्लॅकबेरी आणि घरमालकाचा गालिचा

(एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत, सगळे नाहीत. मधेमधे पाऊस ऐकू येतो तो खराच आहे, इफेक्ट टाकलेला नाही.)

[००:००]

(वीस सेकंद बुडबुड्यांचा आवाज)

हेडफोन लावले असतील तर हा आवाज नीट ऐकू आला असेल. बुडुक. मग सात-आठ सेकंद शांतता. परत बुडुक. नळ गळत नाहीये, आणि हा फिश टँकही नाही. हा माझ्या लीड्समधल्या किचनचा कोपरा आहे, सप्टेंबरमध्ये रात्री अकरा वाजता फोनवर रेकॉर्ड केलेला. साडेचार लिटरची काचेची बरणी, तिच्यात जांभळा रस, आणि त्या रसात कोट्यवधी यीस्ट पेशी साखर खात बसल्यात. त्या जो वायू सोडतात तो पाण्यातून बाहेर पडताना हा आवाज येतो.

तर आजचा विषय: स्वतःची भाजी पिकवणं आणि घरी वाईन करणं. रील्समध्ये दोन्ही फार गोड दिसतं. टोपली, टोमॅटो, मागे पिवळे दिवे. माझ्या बाबतीत यातून घरमालकाचा क्रीम रंगाचा गालिचा खराब झाला, डिपॉझिटमधले पैसे गेले, आणि माझ्या माळकरी बाबांशी एक गोष्ट बोलावी लागली, जी मी दोन वर्षं टाळत होते. क्रमाने सांगते.

[०१:५०] सव्वा गुंठा

इंग्लंडमध्ये ‘अ‍ॅलॉटमेंट’ नावाचा एक प्रकार आहे. घराजवळ अंगण नाही, तर मग गावाच्या कडेला नगरपालिकेची किंवा एखाद्या संस्थेची जमीन असते, तिचे तुकडे पाडून लोकांना वार्षिक भाड्याने भाजी लावायला देतात. शहरातल्या कामगाराला चार भाज्या पिकवता याव्यात ही मूळ कल्पना. १९०८ मध्ये त्याचा कायदा झाला. गावातल्या सहा मतदारांनी मिळून मागणी केली तर नगरपालिकेला ती विचारात घ्यावी लागते, अशी तरतूद त्यात आहे. १९२२ च्या कायद्यात तर लिहूनच ठेवलंय की या जमिनीत मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यापुरती भाजी आणि फळं लावायची. म्हणजे इथे धंदा करायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ‘डिग फॉर व्हिक्टरी’ म्हणत लोकांना बागा खणायला लावल्या, तेव्हा हे तुकडे प्रचंड वाढले. पुढे कमी होत गेले. आता परत वेटिंग लिस्ट लागते. मी दीड वर्ष थांबले.

पूर्ण प्लॉट म्हणजे परंपरेने दहा ‘रॉड’. मला काही कळेना, म्हणून बाबांना व्हिडिओ कॉलवर आकडा सांगितला, ३०२.५ चौरस यार्ड. बाबा कोरेगाव तालुक्यातले शेतकरी. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला, “अडीच गुंठं झालं की गं.” मी कॅल्क्युलेटर काढला. एक गुंठा १२१ चौरस यार्ड. अडीच गुंठे म्हणजे बरोब्बर ३०२.५. दोन्ही मापं एकरातूनच निघालीत, एकराचा चाळिसावा भाग गुंठा आणि सोळावा भाग दहा रॉड, त्यामुळे जुळतं. मला मिळाला होता अर्धा प्लॉट. सव्वा गुंठा. बाबा हसले नाहीत, पण त्यांना हसू येत होतं हे दिसत होतं.

[०३:४०] पहिलं वर्ष, म्हणजे गवताचं वर्ष

मी शेतकऱ्याची मुलगी आहे खरी, पण आयुष्यात मी कधी खुरपं धरलं नव्हतं. बीटेक होईपर्यंत सगळ्यांनी मला शेतापासून लांबच ठेवलं. त्यामुळे पहिल्या वर्षी मी जे केलं ते सगळं इंजिनीअरसारखं केलं. एक्सेल शीट, रंगीत चौकोन, पिकांची तारीखवार यादी. आणि मग जूनमध्ये ऑफिसचं रिलीज आलं. तीन आठवडे प्लॉटवर गेलेच नाही. जूनमध्ये इथे पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एवढा प्रकाश मिळाला की तण कसं वाढतं ते प्रत्यक्ष बघायला हवं. चौथ्या आठवड्यात पत्र आलं: आपला प्लॉट लागवडीखाली दिसत नाही, महिनाभरात सुधारणा न दिसल्यास परत घेण्यात येईल.

दीड वर्ष थांबून मिळालेली जमीन. मी प्लॉटवर जाऊन अक्षरशः रडले. शेजारच्या प्लॉटवर एक आजोबा असतात, निवृत्त बस ड्रायव्हर. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, सगळं साफ करू नकोस, अर्धं काळ्या प्लास्टिकने झाक आणि उरलेल्या अर्ध्यात लवकर येणारं काहीतरी लाव.

लवकर येणारं म्हणजे काय? मेथी. किचनमधल्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवले, फोकले, पाचव्या दिवशी हिरवं. महिन्याभरात जुडी. (हे दाणे इथल्याच किराणा दुकानातले होते. भारतातून येताना बियाणं सामानात घालून आणू नका, त्याला रोपांच्या आरोग्याचे नियम आहेत.) प्लॉट वाचला तो मेथीमुळे.

कोथिंबीर मात्र रुसली. जूनमध्ये पेरली की ती पानं धरायच्या आत फुलावर जाते. मला वाटायचं माझं पाणी चुकतंय. पण ते दिवसाच्या लांबीमुळे होतं. सोळा-सतरा तास उजेड आणि थोडी उष्णता मिळाली की तिला वाटतं हंगाम संपत आला, बी धरा. मग मी ती ऑगस्टच्या शेवटी पेरायला लागले आणि ऑक्टोबरपर्यंत छान मिळाली. बटाट्याला करपा येतो, तोच ज्याने १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये दुष्काळाची सुरुवात केली. बाबांनी फोटो बघून दोन सेकंदांत ओळखला, “करपा हाय, आजच्या आज पाला कापून बाहेर काढ, बटाटं दोन-तीन आठवडं मातीतच राहू दे.” तेवढं केलं म्हणून निम्मे तरी वाचले. आणि गोगलगाई. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ आपण म्हणतो, पण एका रात्रीत घेवड्याची चौदा रोपं जमिनीलगत खाल्लेली बघितली की त्या म्हणीतला राग कळतो. आता मी अंधार पडल्यावर टॉर्च आणि बादली घेऊन जाते. दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

[०६:३०] खरा प्रॉब्लेम: सगळं एकदम येतं

आता मुद्द्यावर येते. घरी भाजी पिकवण्यात सगळ्यात अवघड भाग पिकवणं आहे असं मला वाटायचं. तसं नाहीये. अवघड आहे ते ऑगस्ट.

झुकिनी, जिला इथे कोर्जेट म्हणतात, तिची दोन झाडं लावली होती. एका माणसासाठी दोन झाडं हा अविचार आहे, पण हे कोणी आधी सांगत नाही. पावसाळी आठवड्यात चार दिवस लक्ष नाही दिलं तर हाताएवढी झुकिनी पायाएवढी होते. ऑफिसमध्ये मी इतक्या वाटल्या की लोक मला लिफ्टमध्ये टाळायला लागले. घेवडा रोज. टोमॅटो एकदम. आणि प्लॉटच्या मागच्या कुंपणावर ब्लॅकबेरी, ज्या कोणी लावलेल्याच नाहीत.

ब्लॅकबेरी म्हणजे काय ते करवंदं खाल्लेल्या माणसाला सांगावं लागत नाही. काटेरी जाळी, काळी फळं, जांभळे हात, फाटलेली बाही. आमच्याकडे करवंदं विकणाऱ्या बायका ‘डोंगरची काळी मैना’ म्हणून ओरडायच्या, इथे विकायलाही कोणी येत नाही, फुकट लोंबत असतात. १९६८ चा इथला चोरीविषयीचा कायदा सांगतो की आपोआप उगवलेल्या झाडाची फळं स्वतःपुरती तोडली तर ती चोरी नाही, विकण्यासाठी तोडली तर चोरी. मला हे कलम फार आवडतं.

तर तीन आठवड्यांत एवढं सगळं येतं आणि ऑक्टोबरनंतर काहीही येत नाही. मग मला आजीचं माळवद आठवलं. चैत्र-वैशाखात तिथे पाय ठेवायला जागा नसायची. कुरडया, सांडगे, आंबोशी, चिंच, मिरच्या. लहानपणी मला वाटायचं हे हौसेने करतात. ती बेगमी होती. एकदम आलेलं, उरलेलं वर्षभर पुरवायचं. आणि बेगमीचे मार्ग तेवढेच असतात: वाळवा, मिठात किंवा तेलात घाला, साखरेत शिजवा, नाहीतर आंबवा.

इंग्लंडमध्ये वाळवायला ऊन नाही. मग इथल्या लोकांनी काय केलं? मुरंबे केले, आणि वाईन केली. द्राक्षांची नाही हं. द्राक्ष इथे उत्तरेत सहजासहजी पिकत नाही. ब्लॅकबेरीची, एल्डरच्या फुलांची, रुबार्बची, पार्सनिपची, म्हणजे कंदाचीसुद्धा! ‘कंट्री वाईन’ म्हणतात. युद्धात साखर रेशनवर होती, ती १९५३ मध्ये सुटली, आणि मग हा छंद घराघरांत परत शिरला. सी. जे. जे. बेरी नावाच्या गृहस्थांनी १९६० मध्ये ‘फर्स्ट स्टेप्स इन वाईनमेकिंग’ हे पुस्तक काढलं. वाईनवर लिहिणाऱ्याचं आडनाव बेरी, हा योगायोगच. शेजारच्या आजोबांकडे त्याची पानं सुटलेली प्रत आहे, रबरबँड लावून ठेवलेली.

रुबार्बचा विषय निघालाय तर एक आडवळण घेते. लीड्सच्या दक्षिणेला, वेकफील्डच्या आसपास रुबार्ब अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात, प्रकाश लागला की देठ चिवट होतो म्हणून. अजूनही करतात. देठच खायचा बरं का, पानं विषारी. चला, परत बरणीकडे.

[१०:१०] बरणीत नेमकं काय चालतं

आंबवणं आपल्याला नवीन नाही. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं, दही लागतं. तिथे मुख्य काम बॅक्टेरिया करतात, साखरेचं आम्ल होतं. वाईनमध्ये काम यीस्टचं. साखर आत, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर, जवळजवळ निम्मं-निम्मं वजन. एक किलो साखर पूर्ण आंबली तर अर्ध्या किलोच्या आसपास वायू निघतो. अर्धा किलो वायू म्हणजे किती? खोलीच्या तापमानाला अडीचशे लिटरच्या पुढे. मोरीतल्या मोठ्या पिंपातही मावणार नाही एवढा. तो सगळा त्या एका बरणीच्या तोंडातून बाहेर पडतो. हा आकडा लक्षात ठेवा, गालिच्याच्या वेळी लागेल.

प्रमाण सांगते, साडेचार लिटरसाठी, म्हणजे सहा बाटल्यांसाठी. दीड ते दोन किलो ब्लॅकबेरी, ९०० ग्रॅम साखर, बाकी पाणी. दर लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होतं. त्यामुळे बारा-तेरा टक्क्यांची वाईन हवी तर लिटरला दोनशे ग्रॅमच्या थोडं वर. फळात स्वतःची साखर फार कमी असते, म्हणून वरून घालायची.

फळं बादलीत कुस्करायची, उकळतं पाणी ओतून साखर विरघळवायची. गार झाल्यावर एक कॅम्पडेन गोळी, म्हणजे सल्फाइट, ती फळावरचे जंगली जंतू दाबते. पेक्टिन तोडणारं एन्झाइम घालायचं, नाहीतर वाईन कायमची गढूळ राहते, जॅम ज्यामुळे घट्ट होतो तेच पेक्टिन. चोवीस तास थांबायचं. मग यीस्ट. ब्रेडचं नाही, वाईनचं, पाकिटात मिळतं. पहिले चार-पाच दिवस बादलीवर फक्त फडकं, आणि रोज ढवळायचं, कारण सुरुवातीला यीस्टला संख्या वाढवायला हवा लागते. मग मलमलच्या फडक्यातून गाळून काचेच्या बरणीत, आणि इथून पुढे हवा बंद. बरणीच्या तोंडाला एक वाकडी नळी बसवतात, तिच्यात दोन चमचे पाणी. आतला वायू पाण्यातून बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येऊ शकत नाही. दोन चमचे पाण्याचा वन-वे व्हॉल्व! सुरुवातीला ऐकलात तो हाच.

हवा आत आली तर काय? व्हिनेगर. फळमाशी येते, तिच्या पायाला अ‍ॅसिटिक बॅक्टेरिया असतात, आणि त्यांना हवा मिळाली की ते अल्कोहोलचं आम्ल करतात. म्हणून या सगळ्या प्रकारात ऐंशी टक्के काम भांडी घासण्याचं आहे. खरंच. बादली, चमचा, नळी, बरणी, सगळं निर्जंतुक करून धुवायचं. माझ्या आजीचा लोणच्याच्या बरणीबाबतचा नियम होता, ओला हात लावायचा नाही. नियम वेगळा, पण भीती तीच.

मग थांबायचं. दीड-दोन महिने बुडबुडे, तळाला गाळ बसतो, वरची वाईन नळीने दुसऱ्या बरणीत काढायची, परत दोन-तीन महिने, परत काढायची. ब्लॅकबेरी वर्षभर ठेवली तर बरी लागते. सहा महिन्यांची पिऊन मी तोंड वाकडं केलं होतं.

[१४:००] गालिचा

पहिल्या वर्षी ऑक्टोबरअखेर बुडबुडे थांबले. मी खूश. नोव्हेंबरमध्ये बाटल्यांत भरली, बूच ठोकले, बेडरूमच्या कपाटात आडव्या ठेवल्या. हे सगळं होत असताना मी हीटिंगचं बिल वाचवत होते, किचन बारा-तेरा अंशांवर होतं. बुडबुडे थांबले होते, कारण यीस्ट गारठून झोपलं होतं. साखर संपलेली नव्हतीच.

मे महिन्यात उकाडा आला. यीस्ट उठलं. आणि आता बाहेर पडायला दोन चमचे पाण्याची वाट नव्हती, घट्ट बूच होतं.

पहाटे पाचला पहिलं बूच उडालं. मला वाटलं कोणीतरी दार वाजवतंय. दुसरं उडालं तेव्हा कपाटाचं दार उघडलं. सहापैकी चार गेल्या. ऑफिसचे शर्ट, आईने दिलेली पैठणीची पिशवी (साडी नशिबाने प्लास्टिकमध्ये होती), आणि घरमालकाचा गालिचा. ब्लॅकबेरीचा डाग ऑफव्हाइट लोकरीतून निघत नाही, मी सगळं करून बघितलं. त्या घरातून निघताना डिपॉझिटमधले दीडशे पौंड कापले. त्यांची चूक काढता येत नाही. एक सांगते, बूच उडाले हे माझं नशीब. बूच घट्ट बसलं असतं किंवा झाकण फिरकीचं असतं, तर काच फुटली असती, आणि कपाट माझ्या उशीपासून चार फुटांवर होतं.

हे सगळं टाळायला काय लागतं? पाच-सहा पौंडांचा हायड्रोमीटर. काचेची नळी, वाईनमध्ये सोडली की तरंगते. साखर जास्त तर द्रव जड, नळी वर. साखर संपली की नळी बुडते. सुरुवातीला १.०९० च्या आसपास, संपल्यावर ०.९९५, पाण्यापेक्षाही हलकी, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. दोन रीडिंगमधल्या फरकाला १३१ ने गुणा, अल्कोहोलची टक्केवारी येते. माझी वाचलेली बाटली मी नंतर मोजली: १.०१८. म्हणजे लिटरमागे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर शिल्लक.

जी मुलगी दिवसभर लोकांना सांगते की लॉग शांत आहे म्हणजे प्रोसेस पूर्ण झाली असं नाही, ती अडकलेलीही असू शकते, तिने बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरल्या. ऑफिसमध्ये हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

[१६:३०] विष आणि कायदा

इथे दोन गोष्टी गंभीरपणे. पहिली, “घरच्या वाईनने आंधळं होतं का?” ती भीती मिथेनॉलची. फळ आंबताना पेक्टिनमधून थोडं मिथेनॉल होतं, विकतच्या वाईनमध्येही असतं, आणि ते इतकं कमी की त्याने विषबाधा होत नाही. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरहून जास्त माणसं गेली, ती बरणीत आंबलेल्या फळांनी नव्हे. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळून विकलं होतं. मात्र वाईन उकळून तिची वाफ गोळा करणं, म्हणजे घरी दारू गाळणं, हा वेगळा आणि धोक्याचा खेळ आहे, आणि परवान्याशिवाय तो इंग्लंडमध्येही गुन्हाच आहे. तिकडे वळायचंच नाही.

दुसरी. इंग्लंडमध्ये घरी स्वतःपुरती वाईन केली आणि विकली नाही तर कायद्याला हरकत नाही. बिअरला पूर्वी लायसन्स लागायचं, तेही १९६३ मध्ये काढून टाकलं. महाराष्ट्रात असं नाहीये. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे. घरी, स्वतःसाठी, फळांची, थोडीशी, यातलं काहीही सांगून सुटका नाही. त्यामुळे पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात बसून हे ऐकत असाल तर मेथी जरूर लावा, करवंदांचं लोणचं घाला, जांभळाचा सिरप करा. माझी रेसिपी वापरू नका. ती इथली आहे, इथेच राहू दे.

[१८:२०] देवाची फळी

आता बाबा.

आमच्या घरी तीन पिढ्यांची माळ आहे. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही, आणि गावात दारूने गेलेली घरं त्यांनी मोजलेली आहेत. दोन वर्षं मी व्हिडिओ कॉलवर फोन अशा कोनात धरायचे की बरणी दिसू नये. भाजीबद्दल सगळं विचारायचे, मुळा कधी विरळ करू, शेणखत किती, आणि कॅमेरा मात्र ओट्याच्या या बाजूलाच.

यंदा ऑगस्टमध्ये आई-बाबा सहा आठवड्यांसाठी आले. बाबांनी दुसऱ्याच दिवशी प्लॉट ताब्यात घेतला. शेजारच्या आजोबांना मराठी येत नाही, बाबांना इंग्रजी येत नाही, दोघं रोज तासभर बोलायचे. आईने झुकिनी किसून उडदाच्या डाळीत सांडगे घातले, कोहळ्याचे घालतात तसे, आणि ऊन नाही म्हणून ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर वाळवले. एवढी वर्षं मला हे सुचलं नव्हतं! ब्लॅकबेरी बाबांनीच तोडल्या जास्त. करवंदांची सवय, काटा लागला तरी हात मागे घेत नाहीत. चार किलो झाल्या. दोन किलोंचा आईने मुरंबा केला. उरलेल्या दोन किलोंकडे बघून बाबा म्हणाले, “आन ह्याचं काय करणार?”

मी म्हणाले, “वाईन.”

“म्हंजे दारूच की.”

मी हो म्हणाले. फळांचा रस, औषधी, इकडे सगळे करतात, हे सगळं पाठ करून ठेवलं होतं, पण त्यातलं काही तोंडातून आलं नाही. बाबा उठून बाहेर गेले. दोन दिवस या विषयावर शब्द नाही. मी मात्र ठरवल्याप्रमाणे बादली लावली, ढवळली, गाळली, बरणीत भरली. लपवून करायचं नाही एवढंच ठरवलं होतं.

सहाव्या दिवशी रात्री हरिपाठ झाल्यावर बाबा किचनमध्ये आले. बरणीसमोर उभे राहिले. बुडुक. मग बाजूला पडलेला हायड्रोमीटर उचलून म्हणाले, “हे डेरीतल्यासारखं हाय.” अगदी बरोबर. गावाकडे दूध संकलनाला लॅक्टोमीटर घालून डिग्री बघतात, तत्त्व तेच. त्यांनी कशी बघतात ते विचारलं, मी दाखवलं. १.०३० होतं. “उतरलं किती?” “साठ.” मग म्हणाले, “ह्या माश्या बघ. तुझं ते फडकं नीट धुतलेलं नाही.”

आणि दाराशी जाऊन वळले. “वर देवाची फळी हाय. तिच्याखाली नको ठेवू.”

दुसऱ्या दिवशी मी बरणी जिन्याखालच्या कपाटात हलवली. सुरुवातीला तुम्ही ऐकलेला आवाज त्या रात्रीचा आहे, किचनमधला शेवटचा.

[२१:४०]

आज रेकॉर्डिंगच्या आधी रीडिंग घेतलं. डिसेंबरचा पहिला आठवडा, ०.९९६. तीन दिवसांपूर्वीही ०.९९६ होतं, म्हणजे खरंच थांबलंय. गाळावरून काढून दुसऱ्या बरणीत घातली. मार्चपर्यंत हात लावणार नाही, आणि बाटल्या फरशीवर ठेवणार आहे, प्लास्टिकच्या खोक्यात.

प्लॉटवर सध्या फक्त लसूण आहे. बाबांनीच ऑक्टोबरमध्ये जायच्या आधी पाकळ्या लावून दिल्या, आता हिरवे कोंब दिसतायत. ते दर रविवारी लसणाचं विचारतात, बरणीचं विचारत नाहीत. आई विचारते, गालिचा ठीक आहे ना.

चला, पाऊस वाढलाय, माइकला ऐकू येत असेल. पुढच्या भागात कंपोस्टवर बोलू, त्यात उंदीर आहे. भेटू.